‘बालसुधारगृहात रवानगी’ असे छापण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या जिल्हा पानावर एक चौकट आली होती. दुचाकी चोरीच्या संशयावरून तीन मुलांना ताब्यात घेतले आणि त्यांची ‘बालसुधारगृहात रवानगी’ झाली, अशी. वर मथळा होता ‘अल्पवयीन चोरट्यांची टोळी गजाआड’. मुलांची नावे छापली नव्हती, हे बरे केलेत. पण गाव छापले, एकाच्या वडिलांचा धंदा छापला, दुसऱ्याची शाळा छापली. त्या गावात चारशे उंबरा आहे. मग नाव झाकून उपयोग काय झाला? बाल न्याय कायद्याचे कलम 74 नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून मूल ओळखू येईल असा कोणताही तपशील छापायला मनाई करते. बातमी लिहिणाऱ्या तरुणाने हे मुद्दाम केले असेल असे मला वाटत नाही. म्हणूनच हे पत्र लिहीत आहे, आणि थोडे लांबले तरी पूर्ण छापावे, ही विनंती आहे.

मी कराडची. एकतीस वर्षे हायस्कूलमध्ये गणित आणि मराठी शिकवून निवृत्त झाले. गेली चार वर्षे दर गुरुवारी सकाळची एस.टी. धरून एका निरीक्षणगृहात मुलांना शिकवायला जाते. कोणत्या, ते लिहीत नाही. कराडहून सातारा, सांगली, कोल्हापूर तिन्हीकडे सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते, एवढे पुरे. घराचे नाव आले की मुले ओळखू येतात. शिवाय जी उणीव मी सांगणार आहे ती त्या एका इमारतीची नाही, आणि तिथली माणसे पगाराच्या पलीकडे जाऊन राबताना मी पाहिली आहेत. याच कारणाने पत्राखाली माझेही नाव छापू नये. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे.

पहिले म्हणजे, ते बालसुधारगृह नव्हे. आज लागू असलेला 2015 चा कायदा 15 जानेवारी 2016 पासून अमलात आला. त्यात या नावाची वास्तूच नाही. चौकशी चालू असताना मुलाला ठेवायचे ते निरीक्षणगृह. चौकशी पूर्ण होऊन मुलाकडून गुन्हा घडला असे मुलांची प्रकरणे चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाने ठरवले, आणि पाठवण्यावाचून इलाज उरला नाही, तर जायचे ते विशेष गृह. म्हणजे निरीक्षणगृहातला मुलगा अजून कशातही दोषी ठरलेला नसतो. तो तारखेची वाट पाहत असतो. आरोप करणारे, डाग लावणारे शब्द मुलाच्या बाबतीत वापरू नयेत, हे त्या कायद्याच्या मूळ तत्त्वांपैकी एक आहे, आणि त्यापायीच गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलासाठी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा लांबलचक शब्द आला. मलाही तो जिभेला जड जातो. पण ‘चोरटा’ हा शब्द त्या मुलाच्या आयुष्याला किती जड जातो ते पाहिल्यावर मी तक्रार करायचे सोडले. ‘नीट वाग, नाहीतर रिमांड होममध्ये टाकतील’ असे मीही वर्गात मुलांना दरडावलेले आहे. त्याची आज लाज वाटते.

कायदा वाचला तर वाटते, मुले तिथे फार दिवस राहणारच नाहीत. ताब्यात घेतल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मंडळापुढे उभे करायचे. पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवायचे नाही. साध्या चोरीसारख्या प्रकरणात तर सहसा ताब्यात घ्यायचीही गरज नसते, असे केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांवरून दिसते. जामीन द्यायचा, मग गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. नाकारायचा तो तीनच कारणांनी: मूल सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच बुडेल. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन महिने. तेवढ्यातही संपली नाही तर ती बंदच होते.

मग मुले आत का राहतात? चार वर्षांत मी जे पाहिले त्यावरून सांगते. गुन्हा मोठा म्हणून राहिलेली मुले मला थोडी भेटली. बाहेर घ्यायला कोणी आले नाही म्हणून राहिलेली पुष्कळ भेटली.

त्यातला एक मुलगा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तो आला. पंधरा वर्षांचा असेल. आई-बाप बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेले, पोरगा फडात मोळ्या बांधायचा. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून तांब्याची तार विकल्याचा संशय होता. सोबतचे दोघे सज्ञान, त्यांची वाट वेगळी झाली, हा निरीक्षणगृहात आला. पहिल्या गुरुवारी तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या गुरुवारी वर्ग संपल्यावर मागे थांबला आणि म्हणाला, ‘बाई, टोळी कुठवर गेली असंल?’ मला आधी कळलेच नाही. मग उलगडले. एका शिवारातला ऊस संपला की टोळी दुसऱ्या शिवारात सरकते आणि कारखान्याचा पट्टा पडला की गावाकडे निघते. त्याला तारखेची भीती नव्हती. आपल्याला इथे ठेवून टोळी परत जाईल, ही भीती होती.

त्याचे कुठे कुठे अडले ते सांगते. आधी वय. जन्माचा दाखला नाही. शाळा तिसरीत सुटलेली, शाळेचा कागद गावी, गावचे घर कुलूपबंद. शेवटी हाडांची तपासणी करायचे ठरले. आदेश निघाल्यावर पंधरा दिवसांत ती पूर्ण करायची असते, पण आदेश निघेपर्यंतच दोन तारखा गेल्या होत्या. मग सामाजिक तपासणी अहवाल. मूल कोणत्या घरातले, कुणाच्या संगतीत, शाळा का सुटली, हे परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याने पाहून दोन आठवड्यांत मंडळाला कळवायचे असते. मंडळ मुलाला माणूस म्हणून ओळखते ते या कागदावरून. पण आई-बाप आज या बांधावर, उद्या त्या. अधिकारी गेले तेव्हा कोप्या उठून गेलेल्या होत्या. त्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या टेबलावर तशा फायलींचा ढीग मी पाहिला आहे. आणि शेवटी हमीदार. मंडळाने जामीन दिला, पण हमीदार मागितला. या मुलखात त्या बापाला ओळखणारा एकच माणूस, मुकादम. त्याच्याकडून आगाऊ घेतलेली उचल अजून फिटलेली नव्हती, आणि मुकादम कोर्टाच्या कागदावर सही करायला तयार नव्हता. म्हणजे जामीन मिळालेला मुलगा जामिनाचा कागद असून आतच.

कायद्यात यावर उपाय आहे. जामिनाची अट सात दिवसांत पूर्ण करता आली नाही, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अट बदलून घ्यायची, असे कलम 12 मध्ये लिहिले आहे. ते मी घरी दोनदा वाचले आणि पुढच्या गुरुवारी वही काढून मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील मुलीला दाखवले. तिला ते माहीत होते. पण तिच्याकडे ते प्रकरण आदल्याच आठवड्यात आले होते. तिने त्याच दिवशी अर्ज केला. हमीदाराची अट गेली, बापाच्या स्वतःच्या बंधपत्रावर सुटका झाली. एकूण सदुसष्ट दिवस. मी दिलेल्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत त्याने ते मोजले होते. उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, मोळीला आळे घालतात तशी.

या सदुसष्ट दिवसांत त्याची आई दोनदा भेटायला आली. एका भेटीला एक खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. उसाच्या पाचटाने चिरलेल्या बोटांनी ती त्याच्या केसांतून हात फिरवत होती आणि तो मान खाली घालून ‘खाल्लंस का’ एवढेच विचारत होता. पुढे अधीक्षकांनी आपल्या मोबाइलवरून मुकादमाच्या मोबाइलवर आईशी बोलणे करून द्यायला सुरुवात केली, दर रविवारी संध्याकाळी. ते कोणत्याही फाइलमध्ये नसेल. त्या पोराला रात्री झोप लागायला लागली ती तेव्हापासून, असे काळजीवाहक मामांनी मला सांगितले.

मुले काळजीवाहकाला मामा म्हणतात. या मामांकडून मी जेवढे शिकले तेवढे डी.एड.च्या वर्गातही शिकले नसेन. नवीन मुलगा आला की पहिली रात्र त्याची गादी ते दाराजवळ, आपल्या खुर्चीसमोर टाकतात. व्हरांड्यातला दिवा चालू ठेवतात. विचारत काही नाहीत. ‘पहिल्या रात्री विचारलं तर पोरगं एक तर खोटं बोलतं नाहीतर रडतं, दोन्ही त्याला सकाळी जड जातं,’ असे ते म्हणाले. कित्येक मुले येतात ती माव्याची, गुटख्याची सवय घेऊन, एखाद-दुसरा व्हाइटनर हुंगणारा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, अंगाला घाम सुटतो, कुणावर तरी धावून जातात. बाहेरच्याला वाटेल, काय दांडगट पोर आहे. तो आजार आहे आणि त्याला औषध आणि समुपदेशक लागतो. समुपदेशक आठवड्यातून एक दिवस येतात. हात थरथरतात ते उरलेल्या सहा दिवसांत.

राहण्याचे म्हणाल तर नियमांत मोजमाप आहे. झोपायच्या खोलीत मुलामागे 40 चौरस फूट, म्हणजे पंचवीस मुलांना हजार चौरस फुटांची खोली. वयाप्रमाणे, आरोपाच्या स्वरूपाप्रमाणे मुले वेगळी ठेवायची. मंडळाची खोली कोर्टासारखी दिसता कामा नये, उंच व्यासपीठ नको, पिंजरा नको. मंडळाने महिन्यातून एकदा तरी घराला भेट द्यायची. यातले काही पाळले जाते, काही जागेअभावी राहून जाते. बारा वर्षांचे पोर आणि मिशी फुटलेला सतरा वर्षांचा मुलगा एकाच पंगतीत बसलेले मी पाहिले आहेत. लहान्याच्या ताटातली चपाती मोठ्याकडे जाते की मोठ्याच्या ताटातली लहान्याकडे, हे त्या दिवशी कोण मोठा आहे यावर ठरते. पैशांचे सांगायचे तर केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत मुलामागे महिना 3000 रुपये देखभालीचे आहेत. दिवसाला शंभर रुपये, त्यात दोन वेळचे जेवण, नाश्ता, कपडे, साबण, तेल सगळे. घरात वाढत्या वयाचा मुलगा असलेल्या कुणीही हा हिशोब करून पाहावा.

दिवस मात्र लांब असतो. सहाला उठणे, झाडलोट, प्रार्थना, उप्पीट नाहीतर पोहे, आंघोळी. अकरापर्यंत सगळे रेटून होते. मग दुपार येते. दुपारी करायचे काय? टीव्ही असतो, कॅरम असतो. वर्ग कागदावर असतो. अकरावी सायन्सचा मुलगा आणि अक्षर ओळख नसलेला मुलगा एका सतरंजीवर बसवून कुणी काय शिकवावे? त्यात सोमवारी आलेला मुलगा मंगळवारी जामिनावर जाईल की अडीच महिने राहील, हे कुणालाच ठाऊक नसते. मी सुरुवातीला शाळेतल्यासारखे धडे आखले. या गुरुवारी अपूर्णांकांची ओळख, पुढच्या गुरुवारी बेरीज. पुढच्या गुरुवारी निम्मी सतरंजी नवी. मला कळायला सहा महिने लागले की इथला धडा ज्या गुरुवारी सुरू होतो त्याच गुरुवारी संपला पाहिजे, आणि आज जाणाऱ्यालाही काहीतरी हातात घेऊन जाता आले पाहिजे. आता मी एस.टी.चे वेळापत्रक घेऊन जाते. त्यावर वजाबाकी होते, अंतर-वेग होतो, गावांची नावे वाचून होतात, आणि आपल्या गावाची गाडी किती वाजता हे प्रत्येकाला शोधायचेच असते. सहा महिन्यांचा शिवणकामाचा किंवा वायरमनचा कोर्स आणून उपयोग नाही. तीन दिवसांचा, दहा दिवसांचा, सुटा सुटा कोर्स आणा. एक बोर्ड जोडणे, एक पंक्चर काढणे, एक अर्ज लिहिणे. ज्यांनी हे अभ्यासक्रम ठरवायचे त्यांनी एकदा निरीक्षणगृहाचे हजेरी-बुक उघडून बघावे, माझे म्हणणे पटेल.

आणि शाळा. यावर मला सगळ्यात जास्त राग आहे.

आमच्याच भागातला एक मुलगा, दहावीतला. विसर्जनाच्या मिरवणुकीत मारामारी झाली, एकाचे डोके फुटले, याचे नाव आले. तेवीस दिवस आत होता. या तेवीस दिवसांत शाळेने वडिलांना बोलावले आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात ठेवला. अर्जावर वडिलांची सही घेतलेली, म्हणजे कागदावर पालकांनी स्वेच्छेने काढून नेला. मंडळापुढे त्याच्यावरचा आरोप टिकला नाही. पण ऑक्टोबरात दहावीला कोण प्रवेश देतो? गणिताचा कच्चा नव्हता हो तो, वर्गमूळ तोंडी काढायचा. वर्ष वाया गेले. पुढच्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म भरून तो बाहेरून बसला आणि पास झाला. आज एका गॅरेजमध्ये काम करून आयटीआय करतो आहे. त्याची आई मला म्हणाली, ‘कोर्टानं सोडलं बाई, शाळेनं नाही सोडलं.’ ज्याच्याकडून गुन्हा घडला असे ठरले त्या मुलालाही पुढे त्याची अपात्रता चिकटू नये, म्हणून कायद्यात कलम 24 घातले आहे. इथे तर काही ठरलेच नव्हते.

या जिल्ह्यात हे व्हावे, याचे मला जास्त वाईट वाटते. माझे वडील माण तालुक्यातले, दुष्काळी गावातले. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली काढलेल्या बोर्डिंगात राहून ते शिकले. 1927 साली गांधीजी तिथे आले आणि बोर्डिंगाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले, हे ते अभिमानाने सांगत. सगळ्या जातींची पोरे एका पंगतीत, आपली भाकरी आपण भाजायची, आपले अंगण आपण झाडायचे. पोरांच्या तोंडात घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. दुसऱ्यांची मुले आपल्या छपराखाली आणून वाढवायची कशी, हे साऱ्या महाराष्ट्राला दाखवलेल्या जिल्ह्यातले आपण. त्यातली वीस-पंचवीस मुले काही आठवडे सरकारच्या छपराखाली येतात, तर आपल्याला ती कुठे आहेत हेही ठाऊक नसते.

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा सगळीकडे एकच बोलणे होते. अपघातावर 300 शब्दांचा निबंध लिही आणि घरी जा, ही जामिनाची अट ऐकून माझाही संताप झाला. त्या दोन घरांचे काय झाले असेल, याचा विचार करून मी रात्रभर जागी होते. पुढे त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवले, जूनमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो सुटला, आणि तेव्हापासून बसमध्ये, बाजारात मला ऐकावे लागते, ‘तुमचा तो कायदा पोरांना मोकळं सोडायलाच केलाय.’ मी त्यांना एवढेच सांगते की त्या प्रकरणात जेवढे वकील उभे राहिले तेवढे माझ्या सतरंजीवरच्या मुलांनी जन्मात पाहिलेले नाहीत. जामीन लवकर मिळणे हे त्या कायद्याचे चुकले नाही. तो पैसेवाल्याला एका दिवसात आणि ऊसतोड्याच्या पोराला सदुसष्ट दिवसांनी मिळाला, हे चुकले. सोळा वर्षांवरच्या मुलाच्या अतिगंभीर गुन्ह्यासाठी त्याच कायद्यात वेगळी वाट आहे, मंडळ प्राथमिक तपासणी करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. त्याविषयी मतभेद असू द्यात. मी बोलते आहे ते केबलवाल्या, मोबाइलवाल्या, मिरवणुकीत हात उचललेल्या मुलांविषयी.

मुंबईच्या पत्रकार शीला बारसे तुरुंगात ठेवलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तेव्हा, 1986 साली, न्यायालयाने सरकारला सुनावले होते की पुरेशी निरीक्षणगृहे नाहीत, हे मुलांना तुरुंगात ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही, जागा नसेल तर जामिनावर सोडा. ही लढाई एका पत्रकाराने लढली, म्हणून हे पत्र मी वृत्तपत्राला लिहिते आहे. 2018 च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाने मंडळांमधल्या आणि बालकल्याण समित्यांमधल्या रिकाम्या जागा तातडीने भरायला सांगितले. आपल्या वार्ताहरांनी एवढेच विचारावे: आपल्या जिल्ह्यात आज परिवीक्षा अधिकारी किती आहेत आणि त्यांच्याकडे मुले किती? मंडळ आठवड्यातून किती दिवस बसते? नियमाप्रमाणे काम असेल तर रोज बसायचे आहे. जामीन मंजूर होऊनही आत असलेली मुले आज किती? हा शेवटचा आकडा दर महिन्याला छापा. नाव नको, गाव नको, फक्त आकडा. सोन्याचा भाव, कोयनेचा पाणीसाठा रोज छापता, त्याच्या शेजारी बसेल तो.

शाळांच्या मुख्याध्यापकांना, माझ्याच व्यवसायातल्या माणसांना, हात जोडून सांगणे आहे. मुलगा निरीक्षणगृहात गेला तर दाखला देऊ नका. हजेरीत नाव राहू द्या, चाचणीच्या प्रश्नपत्रिका पाकिटात घालून अधीक्षकांकडे पाठवा, एखादा शिक्षक शनिवारी दुपारी जाऊन येऊ द्या. वर्गशिक्षक भेटायला आला त्या दिवशी मुलाचा चेहरा कसा होतो, ते मी एकदाच पाहिले आहे, कारण एकदाच कुणी आले.

निवृत्त मंडळींनीही विचार करावा. कायद्यात ‘योग्य व्यक्ती’ अशी सोय आहे. मुलाची जबाबदारी घ्यायला तयार असलेल्या माणसाला मंडळ तशी मान्यता देऊ शकते. ज्याला घर आहे पण हमीदार नाही, अशा मुलाच्या पाठीशी गावातला एखादा निवृत्त शिक्षक, पोस्टमास्तर, तलाठी उभा राहिला तर कितीतरी तारखा वाचतील. माझा स्वतःचा अर्ज मी दिला आहे. पोलीस पडताळणीसाठी हवालदार घरी येऊन गेले, चहा घेऊन गेले.

ज्यांना यातले काही जमणार नाही, त्यांनी घरातली दहावी-बारावीची चालू अभ्यासक्रमाची पुस्तके रद्दीत घालू नयेत. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिली तर ती योग्य ठिकाणी पोहोचतात, मी स्वतः खात्री केली आहे. वह्या द्यायच्या असतील तर एकरेघी, शंभर पानी द्याव्यात. दोनशे पानी नकोत. मुले जाताना वही बरोबर नेतात, आणि पिशवीत कपड्यांखाली शंभर पानीच नीट बसते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड
(नाव व पत्ता संपादकांकडे)